मागचं चाक

भंवरकुआंला पहाटे सव्वापाचला अकरा जण.
दहांच्या पिंडऱ्या पीळ घातलेल्या दोरासारख्या,
अकरावी मी.
हातमोजे घरी विणलेले,
सायकल भाच्याची, तो पुण्याला गेल्यापासून माझी.

सलूजा म्हणाला, "बस, आराम से चलेंगे, मैडम."
त्याचा आराम किती वेगाचा
ते तेजाजी नगर यायच्या आतच कळलं.
लाल दिवे लांब गेले,
मग एकच ठिपका,
मग धुक्यात नुसता समज
की ते पुढे आहेत.

मागे लघाटे.
सदुसष्ट वर्षांचे, वीज मंडळातून निवृत्त,
शेवटच्याच्या मागे राहायचं काम त्यांच्याकडे.
"तुम्ही व्हा पुढे. मला रस्ता माहीत आहे."
"मलाही," म्हणाले,
आणि मागेच राहिले.

पाय थांबवल्यावर मागचं चाक कसं बोलतं
ऐकलंय कधी?
टिक टिक टिक टिक,
कुणी निवांत सुपारी कातरत बसल्यासारखं.
माझी छाती भात्यासारखी, आणि पाठीशी हे.
मी मोजलं. गणित शिकवते, खोडच आहे.
दोनदा पाय, मग चौदा टिकटिक.
दोनदा पाय, चौदा.
सिमरोलपर्यंत मी त्या आवाजाचा नुसता राग राग केला.

नववी ब मध्ये मी अशीच उभी राहते
ज्याला गणित सुटत नाही त्याच्या बाकामागे,
खडू बोटांत फिरवत.
मला वाटायचं
त्याला धीर येतो.

घाटाच्या उतारावर सगळं माफ.
साग, वळणावर ट्रकचा भोंगा,
डोळ्यांतलं पाणी कानांकडे वाहिलेलं,
आणि मी, एकोणपन्नास वर्षांची,
मोठ्यांदा काहीतरी ओरडले.
शब्द नव्हता तो.

चोरलला सगळ्यांचा चहा होऊन गेला होता.
माझ्या वाटची कचोरी गार,
तेलाने कागदावरचे मंडीचे भाव आरपार दिसत होते:
लसूण, सोयाबीन, डॉलर चना.
त्रिशलाने टाळ्या वाजवल्या, "दीदी, पहली बार में इतना!"
मी तिच्या डोक्यावरून वर बघत होते.
उतरलो ते सगळं
तिथेच उभं होतं.

पहिल्या वळणावर ते दिसेनासे झाले.
दुसऱ्यावर मी ठरवलं, तिसऱ्यावर उतरायचं.
तिसऱ्यावर ठरवायलाही दम उरला नाही.
आणि मग लक्षात आलं:
टिकटिक नाही.
थांबले? पडले?
मान वळवण्याचं बळ नव्हतं,
म्हणून ऐकलं.
साखळीची कुरकुर,
आणि एक श्वास, फाटका, मधेच शिट्टी वाजणारा,
माझा नव्हे.

चढावर चाक फुकट फिरत नाही.
कुणाचंच.

कठड्यावरचं माकड
दोघांकडे सारखंच तुच्छतेने बघत होतं.
एकदा ते "डावीकडे" म्हणाले, ट्रक गेला.
बाकी बोलायला हवा कुठे होती.

वर पोचल्यावर बाटली पुढे केली,
मीठ जास्त, साखर कमी.
"गुडघा," डाव्यावर बोट ठेवून म्हणाले,
"मे महिन्यात बदलायचाय."
मी काहीतरी म्हणणार
तोवर म्हणाले, "चला."

सिमरोलनंतर पुन्हा टिक टिक टिक.
मीही पाय थांबवून पाहिले.
हरभऱ्याच्या शेतांवर ऊन आलं होतं,
दोन चाकं आपापल्या तालात,
एकमेकांना न जुळवता.

सोमवारी पाय असे धरले
की वर्गात उभं राहवेना.
म्हणून बसले, दिव्यांशच्या बाकावर, त्याला सरकवून,
आणि त्याचंच समीकरण
त्याच्याच वहीत सोडवायला घेतलं.
तिसऱ्या ओळीवर तो अंग चोरून म्हणाला,
"मैडम,
यहाँ माइनस आएगा."