नऊ रात्री, दहा दिवस

ट्रक झोपेशेठच्या ट्रॅव्हल्सचा, दोन्ही अंगांना चितारलेला:
डावीकडे रोमचं गोल मैदान, उजवीकडे व्हेनिसची होडी,
टपावर फायबरचा आयफेल, साडेसात फूट,
जळगावच्या गणपती कारखान्यात ओतलेला,
म्हणून पायथ्याशी नीट पाहिलं तर
उंदराचं शेपूट राहून गेलंय.

मी निवेदिका. रोजचे सहाशे, जेवण धरून.
हातात अकरा पानं, लॅमिनेशन केलेली,
पानागणिक एक शहर, त्याचे राजे, त्याच्या आगी,
आणि प्रत्येक इतिहासाच्या शेवटी
‘आजच नाव नोंदवा’.
गाडी हिरालाल पावरा चालवतो, बोलत नाही.
जनरेटर शकील मन्यारकडे. तो दोघांचं बोलतो.

धरणगावच्या चौकात विजेची तार आडवी आली.
मी पॅरिसवर होते, राजाचं डोकं उडवल्याच्या वाक्यावर,
आणि खाडकन आयफेलचा शेंडा तुटून
भेळवाल्याच्या कुरमुऱ्यांत पडला.
तेवढ्या टाळ्या पुढे कुठेच मिळाल्या नाहीत.
हिरालालने शेंडा उचलला, झटकला,
सीटमागे ठेवला, जॅकशेजारी.

फरकांड्याला पिसाचा कललेला मनोरा वाचला.
पुढ्यात उकिडवा बसलेला म्हातारा
तंबाखू मळता मळता म्हणाला,
“कलेल शे, ठीक शे. पन हालस का?”
मी पान उलटून पाहिलं. मागे फक्त भाव होते,
दोघांचे, आणि लहान मूल असल्यास.
“आमना हालस,” म्हणाला, आणि बार भरला.
त्याने बोटसुद्धा दाखवलं नाही.
अख्ख्या गर्दीने माझ्याकडे पाठ करून तिकडे पाहिलं.

अमळनेरला लंडनचं घड्याळ.
एक बाई म्हणे, गिरणीचा भोंगा थांबल्यापासून
आमच्या गल्लीत डाळ कधी कच्ची, कधी करपलेली.
मी हसले. ती हसली नाही.

मग नवापूरचा बाजार, भर दुपार, व्हेनिस.
‘पाण्यावर वसलेलं शहर, दरवर्षी केसभर खचतंय,
पाहून घ्या, वेळ थोडा आहे.’
टोपल्यांमागून एक म्हातारी उठली, रजूबाई गावित.
“आमचं नाही खचलं. एका पावसाळ्यात गेलं,
उकाईच्या पाण्यात.
उन्हाळ्यात विहिरीचं तोंड वर येतं कधी.
तिथून चाळीस पावलं आमची ओसरी.”
आणि मग, खरंच माहीत करून घ्यायचं म्हणून:
“तिथल्या लोकांना कुठे नेऊन बसवलं?”
तिथेच राहतात, मी म्हणाले.
“पाण्यात? आणि सरकार राहू देतं?”
शकीलने जनरेटर बंद केला.
त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

थाळनेरला पोचलो तेव्हा पानं संपली होती.
तापीच्या काठी घुमट, आत राजे निजलेले, असं शकील म्हणाला,
आणि त्याने चपला काढल्या.
दगडावर कोरलेलं त्याला वाचता येईना, मला तर नाहीच.
एक शेळी आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.
माईक गळ्यात तसाच होता.
या गावाचं पान माझ्याकडे नव्हतं.
हिरालाल दहा दिवसांत पहिल्यांदा बोलला:
“डिझेल शिरपूरपुरतंच आहे.”

वहीत सात नावं भरली. चार पोरांची,
एक त्या म्हाताऱ्याचं, अंगठा,
एक शकीलचं, आकडा वाढावा म्हणून.
सातवं रजूबाई गावित. गावाच्या रकान्यात तिने
पाण्याखालच्या गावाचं नाव सांगितलं, मी लिहिलं.
झोपेशेठने फोनवर शोधलं, सापडलं नाही,
‘पत्ता चुकीचा’ लिहून आडवी रेघ मारली.

माझा हिशेब झाला. पन्नास रुपये कापले, शेंड्याचे.
शेंडा मात्र हिरालालकडेच राहिला.
त्याच्या पाड्यावर, कोंबड्यांच्या खुराड्याला
टेकण लागतंच होतं.