स्वखुशीने

चार माग, एक पत्र्याची शेड. वारस पाच:
आई, आम्ही तिघे भाऊ, आणि राजमणी.

रजिस्ट्रार कचेरीबाहेर, झेरॉक्सच्या टपरीशेजारी
रेवणप्पाने हक्कसोडपत्र वाचून दाखवलं,
"नैसर्गिक प्रेमापोटी, विनामोबदला, स्वखुशीने..."

अक्का ऐकत होती.
तिसऱ्या मागाला तिने सात वर्षं कांड्या भरल्या;
मी तेव्हा शाळेत,
तिच्याच मजुरीच्या बुटांत.

म्हणाली, "करते रे सही.
प्रेम राहू दे. विनामोबदलाही राहू दे.
तेवढा शेवटचा शब्द खोडा."

रेवणप्पाने चष्मा काढला.
"बाई, तो खोडला तर कागद उभाच राहत नाही."

"मग बसू दे त्याला," अक्का म्हणाली,
"आपणही सकाळपासून उन्हात बसलोयच की."

थोरला घड्याळ बघत राहिला.
आईची बोटं सवयीने
रिकाम्या हवेतच विडी वळत होती.
मला हसू आलं,
आणि मग ते तोंडातच राहिलं.

पाचशेचा स्टॅम्प घडी न मोडता
चादरीच्या नमुन्यांच्या पिशवीत ठेवला.

परतलो तर दाजी पेठेत वीज गेलेली.
चारही माग गप्प.
तिसऱ्याच्या धोट्यात
अर्धी कांडी तशीच.