जरा उचलून

तिकीट आठ डॉलर, म्हाताऱ्यांना सहा.
खाणकामगारांच्या जुन्या हॉलमध्ये घडीच्या खुर्च्या,
मागे कॉफीचा थर्मास, आणि एक हीटर
जो फक्त पहिल्या रांगेवर माया करतो.

नाटक जुनंच. शाळेत सगळ्यांनी वाचलेलं,
म्हणजे वाचलं असं सांगितलेलं.
शेवट मला पाठ होता:
मुलगा वर्षांनी परततो, दार उघडून आत येतो,
आई मान वळवत नाही.
पडदा.

पण पडदा वर गेला आणि मला आधी
दारच दिसलं.
माझं दार.
वसंतात घर पाडलं तेव्हा
नाटकवाल्यांना तेवढं दिलं होतं मी,
घ्या, भक्कम आहे, म्हणून.
त्यांनी हिरवा रंग फासलाय,
तरी खालच्या कडेला कुत्र्याच्या नखांचे ओरखडे
हिरव्यातूनही ओळखू येतात.

आईचं काम अर्लीन कोस्केलाचं. शाळेची बस चालवते.
रोज सकाळी पोरांवर खेकसणारा तो आवाज
आज इतका खाली उतरला
की थर्मासपाशी उभा असलेला माणूस
अर्धा भरलेला कप धरून तसाच थांबला.
नवरा गेल्याचं कळतं त्या प्रवेशात
ती बटाटे सोलत राहिली. खरे बटाटे.
सुरीचा तेवढा आवाज, बाकी कुणी खोकलंसुद्धा नाही.

मग शेवट.
पेट्रोल पंपावरचा ड्वाइट बाहेरून दार ढकलतो.
दार हलत नाही.
मला माहीत होतं का ते.
थंडीत ते फुगतं. जरा उचलायचं, मग गुडघा.
तोइवो तीस वर्षं म्हणत होता, या रविवारी बघतो.
ड्वाइटनं खांदा दिला. मुठी आपटल्या.
मग "आई" म्हणाला,
जे पुस्तकात नाही,
आणि दुसऱ्यांदा म्हणाला तेव्हा तो ड्वाइट नव्हता.
माझ्या ओठांवर आलं होतं, अरे उचल, जरा उचल.

अर्लीन उठली.
जिनं मान वळवायची नाही ती, हातात सुरी तशीच,
दारापाशी गेली,
कडी धरून उचललं, गुडघा लावला.
माझ्या स्वयंपाकघरात कितीदा कॉफीला यायची ती,
मी विसरले होते, तिचा गुडघा नाही विसरला.

दार उघडलं. दोघं समोरासमोर.
पुढे कुणाला काही पाठ नव्हतं.
पडदा ओढणाऱ्या पोरानं दोरी धरून ठेवली,
किती वेळ ते मी मोजलं नाही.

बाहेर सगळे काचांवरचं बर्फ खरवडत होते.
इंग्रजी शिकवणारे लुडविगसन म्हणाले,
लेखकानं असं लिहिलेलं नाही हं.
नसेल.

माझ्या नव्या फ्लॅटचं दार
बोट लावलं की उघडतं, आवाजही करत नाही.
कोट न काढताच
मी ते दोनदा उघडून पाहिलं.