पावतीवर नाव नाही

गिऱ्हाइकाचं अभिनंदन मी करत नाही.
म्हणते, चांगल्या घटकेला होऊ दे.
मग वही उघडते आणि विचारते, कोणता महिना?
महिना सांगताना ते आवाज खाली घेतात,
जणू भिंतीपलीकडे कुणी बोटं मोडत बसलंय.

अँटवर्पच्या या गल्लीत, ट्रामच्या रुळांपासून चार दारं आत,
माझं लाकडी सामानाचं दुकान.
वर खुर्च्या, आरसे, पुस्तकांची कपाटं.
पाळणे खाली, तळघरात,
चादरी पांघरून एकमेकांना खेटलेले,
पैसे भरलेले, पण अजून कुणाचेच नसलेले.

बाळ येईपर्यंत घरात काही न्यायचं नाही.
झबलं नाही, टोपरं नाही, खुळखुळा नाही.
नाव तर नाहीच, मनातसुद्धा अर्धंच.
तरुण पोरी विचारतात, हे कुठे लिहिलंय?
कुठेच नाही, मी सांगते.
लिहिलेल्यातून पळवाटा निघतात,
न लिहिलेलं पाळावंच लागतं.

माझ्या वेळी सासूने घरातल्या सगळ्या गाठी सोडल्या,
पडद्यांच्या, एप्रनच्या, माझ्या वेणीच्या.
सगळी कुलपं उघडी, दारालासुद्धा.
कळा देत देत मी म्हटलं, चोर शिरला तर?
तोही चांगल्या घटकेला, ती म्हणाली,
आणि पाण्याचं भांडं उचलून आत गेली.

फाइवेल या आठवड्यात तिसऱ्यांदा आला.
हिऱ्यांना पैलू पाडतो तो, पेरांत काळी भुकटी.
एक स्क्रू हवाय म्हणतो. कसला? कसलाही.
मी त्याला खाली जाऊ देते.
चौदा नंबरची चादर तो उचलत नाही,
फक्त तिच्यावरून हात फिरवतो, घोड्याच्या पाठीवरून फिरवावा तसा.

बायकोने सणाच्या लिंबाचा मुरंबा खाल्ला, सांगतो,
कळा सोप्या जातात म्हणे.
तिची आई स्तोत्रं म्हणते, पहाटे, भिंतीकडे तोंड करून.
आणि तू?
मला शूलमध्ये तोराच्या कपाटाची दारं उघडायला दिली, नववा लागला म्हणून.
बिजागरी एवढी कुरकुरली
की सगळे वळून माझ्याकडे बघायला लागले.
मी त्याला तेलाची छोटी बाटली दिली.
तिचे पैसे वहीत लिहिले नाहीत.

शनिवारी, आकाशात तीन तारे दिसल्यावर, फोन वाजला.
मुलगी. काल दिवे लावायच्या वेळेलाच.
चोवीस तास सगळ्या गल्लीला माहीत होतं,
फोन मात्र मुका.
तेव्हा मी म्हटलं, मझल तोव, मोठ्यांदा,
आठ महिने दाबून ठेवलेलं एकदम.
रात्री अकराला पाळणा हातगाडीवर चढला
आणि गल्लीभर खडखडत गेला.
कुणी खिडकी उघडून ओरडलं नाही.

पण अकरा नंबर.
त्याची चादर मी दर शुक्रवारी झटकते.
पाच वर्षं झाली.
तेव्हा नवरा एकदा येऊन गेला होता, टोपीची कड चिमटीत धरून.
मी पैसे पाकिटात घालून दिले, पाकिटावर काही न लिहिता.
पाळणा वर आणून विकायचा धीर मला झाला नाही.
का, हे मुलाने विचारलं, हिशेब बघताना.
लाकूड अजून ओलं आहे म्हटलं.
बीच आहे ते. सात वर्षं वाळवलेलं. त्यालाही ठाऊक होतं.

काल ब्राइना आली.
मे महिन्यात सैल कोट.
पुस्तकांचं कपाट बघितलं, फळ्या मोजल्या,
किमतीवरून थोडी घासाघीस, उगाच.
दारापर्यंत गेली, हात कडीवर ठेवून थांबली.
तो अजून आहे?
कोणता, मी म्हटलं,
आणि वही उघडली.
महिना?

तिने सांगितला. तेवढ्यात ट्राम गेली,
काचा थरथरल्या, मला ऐकू आलं नाही.
परत विचारलं नाही मी.