एकवीसशेचा कॅचर

मंगळवार, दुपारचे दोन. ईरी शहर, खुर्ची क्रमांक सहा.
फिलिपाने दंडात दोन सुया खोचल्या,
नळ्या लाल झाल्या, यंत्र गुरगुरू लागलं.
आता चार तास डावा हात माझा नाही.
उजव्या हातात फोन.

पलीकडच्या खुर्चीत अँब्रोझ टली.
तीस वर्षं शाळेच्या बसगाड्यांखाली आडवं पडून काढलेली,
अजून नखांत ग्रीस.
म्हणतो, "रुफस, चल. पन्नास हजार आहेत. संपवू."

खोटे पन्नास हजार. प्रवेशाचे तीन डॉलर मात्र खरे,
दीड त्याचा, दीड माझा.
दहा माणसं घ्यायची आजच्या रात्रीपुरती,
उद्या सकाळी कुणी कुणाचं नाही.

पिचर आधी. तिथे काटकसर नको, हे त्याचं जुनं मत:
दहा हजार चारशेचा डावखुरा, ज्याचा चेंडू शेवटच्या क्षणी
पायरी चुकल्यासारखा खाली जातो.
दुसरा सात हजार सहाशेचा, कारण समोरचा संघ
सध्या हवेलाच बॅट मारतोय.
मग डेन्व्हर. तिथली हवा विरळ, चेंडू गेला की गेलाच,
म्हणून तिथले तिघे एका माळेत,
एकाने मारलं की दुसरा पळेल, गुण दोघांचे आपले.
पंधरा हजार आठशे गेले.
मी शॉर्टस्टॉपपाशी अडतो. पोरगा चांगला आहे,
पण उजव्या हाताच्या पिचरपुढे बुजतो.
"वारा बघ," अँब्रोझ म्हणतो. "बाहेरच्या दिशेने, ताशी बारा मैल.
वाऱ्याला डावं-उजवं कळत नाही."
उंटावरून शेळ्या हाकणारे आम्ही दोघे,
आणि उंटही प्लगला जोडलेला.

शेवटी उरले एकवीसशे, आणि जागा कॅचरची.
एकवीसशेत एकच माणूस येतो: एमेट सोरगार्ड,
वय छत्तीस, बदली कॅचर,
दहादा उभा राहिला तर दोनदाही धड लागत नाही.
मी म्हणतो, हा खेळणारच नाही. भोपळा मिळेल.
अँब्रोझ मान हलवतो. बाकी काही हलवायची सोय नाही.
"काल रात्री तेरा इनिंग झाल्या.
मुख्य कॅचरचे गुडघे आज रजा मागणार.
कुणाला तरी बोलवावंच लागेल."

मार्चमध्ये त्याला बोलावलं होतं. पिट्सबर्गहून, पहाटे दोनला.
मूत्रपिंड आलंय, तुम्ही दुसरे आहात,
पहिल्या माणसात काही निघालं, तरच तुम्ही.
पुतणीने सव्वाशे मैल गाडी हाणली.
सकाळी साडेदहापर्यंत तो बसून होता,
पाठीमागे उघडा गाऊन घालून, उपाशी.
पहिल्या माणसात काही निघालं नाही.
"चांगला माणूस असेल," एवढंच म्हणाला होता परतल्यावर,
आणि वाटेत खाल्लेल्या पॅनकेकबद्दल बरंच काही.

मी सोरगार्डवर बोट ठेवलं. शिल्लक: शून्य.

साडेचारला यादी लागली. नवव्या क्रमांकावर सोरगार्ड.
अँब्रोझ काही बोलला नाही. त्याच्या यंत्रानेच शीळ घातली.
फिलिपा धावत आली, "काय झालं?"
"कॅचर लागला," मी म्हटलं.

रात्री घरी. पोटऱ्यांत गोळे, मोजून घेतलेलं अर्धा पेला पाणी.
डेन्व्हरचे तिघे ढिम्म.
महागडा डावखुरा तिसऱ्याच इनिंगला बाकावर.
सोरगार्ड दोनदा स्ट्राइक आउट, एकदा लहान पोरानेही घेतला असता असा झेल.
नवव्या इनिंगला पुन्हा आला. गुडघे चोळले.
चार चेंडू सोडून दिले, एकाच्याही मागे लागला नाही,
आणि चालत पहिल्या बेसवर गेला.
दोन गुण. अकरा हजारांत आमचा नंबर
नऊ हजारांच्याही पलीकडे.

गुरुवारी सुया लागेपर्यंत अँब्रोझ गप्प.
मग म्हणाला, "चालत गेला, पाहिलंस?
बॅट खांद्यावरून काढलीसुद्धा नाही."
मी फोन उघडला.
पन्नास हजार परत आले होते.