शेपटीखालचं साल

तावेत्तीमामा मार्चमध्ये गेला, तळं अजून गोठलेलंच होतं.
त्याच्या माळ्यावर निघालं
मासे धरायच्या जाळ्यांचं गुंतवळ
आणि लोकरी पायजम्यात गुंडाळलेली एक रायफल.

पोलिसांचा कागद एका पानाचा.
बनावट. वर्ष. क्रमांक. आधीचा मालक.
सोपं आहे, काउंटरवरची मुलगी म्हणाली,
सगळं लोखंडावर लिहिलेलं असतं.

लिहिलेलं होतंच.
जरा जास्तच होतं.

म्हणून कुहमोला गेले, एलिस मोइलानेनकडे.
आरागिरणीत उभा जन्म काढलेला माणूस,
बोटं साडेआठ,
डोळ्याला घड्याळजीचं भिंग.
त्यानं रायफल टेबलावर आडवी केली
आणि आधी मला कॉफी दिली.

चौकटीत एसए: ही आपल्या सैन्याची.
त्रिकोणात टी, खाली एक्केचाळीस: नळी टिक्काच्या कारखान्यातली.
चला, झालं, मी म्हटलं, पेन उघडलं.
थांब, तो म्हणाला, नळी म्हणजे बाई नव्हे,
नळी म्हणजे बाईचा कोट.

मग बारीक तीन अक्षरं, पुसट, पोटावर:
पहिल्या युद्धात व्हिएन्नाला कैद झाली होती ही.
नेम धरायच्या पट्टीवर कानशीचे ओरखडे,
आर्शीन खरवडून मीटर ठोकलेत.
आर्शीन म्हणजे दीडेक हात, रशियन माप.
मोजणारे बदलले की अंतरंही बदलतात म्हणे.
बोल्टवरचा आकडा नळीच्या आकड्याशी जुळेना.
त्यात काही नाही, एलिस म्हणाला,
हिचा मूळ बोल्ट कुठेतरी दुसऱ्या घरी नांदत असेल.

दस्ता मागे अक्रोडाचा, पुढे बर्चचा,
मधे सांधा, बोटांत बोटं अडकवावीत तसा.

आमच्या घरी गोष्ट एकच होती:
मामानं ती बर्फात मेलेल्या रशियनाच्या हातातून सोडवली.
मामानं कधी सांगितली नाही, आजीनं सांगितली,
मामा फक्त बटाटे सोलत राहायचा.

पाळण्यातलं नाव शेपटीखाली असतं, एलिस म्हणाला,
लाकूड उतरवल्याशिवाय दिसत नाही.
दोन स्क्रू. दोन कड्या.
पहिला स्क्रू करकरला, दुसऱ्यानं शिवी खाल्ली.
लोखंड लाकडातून वर आलं
आणि जुन्या तेलाचा वास खोलीभर पसरला.

हातोडा. आणि अठ्ठ्याण्णव.
तुला शहर, एलिस पुटपुटला. झारचा जमाना.
मामाचा बाप तेव्हा रांगत असेल.

पण मी बघत होते तिथं, जिथं लोखंड टेकलेलं होतं.
लाकडात बसवलेली पुठ्ठ्याची घडी,
तेलानं तपकिरी, नखाएवढी जाड.
नळी डगमगू नये म्हणून कुणीतरी घातलेली पाचर.
एलिसनं चिमट्यानं उलगडली.
नकली कॉफीच्या पाकिटाचा तुकडा,
आत पेन्सिलीनं:

आर्मास ११
एइनो ९
टी. ६

पत्त्यांचा हिशोब.

बराच वेळ आम्ही काही बोललो नाही.
टी म्हणजे तावेत्तीच कशावरून?
तोइवो असेल, तानेली असेल,
अर्ध्या पलटणीचं नाव टीवरून.
पण या टीला त्रिकोण नव्हता,
आणि मामा पत्त्यांत कायम हरायचा,
नाताळात माझ्याकडूनसुद्धा, मी सात वर्षांची असताना,
आणि हरला की कान खाजवायचा.

मग रायफल हातातून सोडवलेली की डागडुजीला आलेली?
मामा बर्फात आडवा पडलेला की शेडमध्ये
शेगडीजवळ, कानस घेऊन बसलेला?
लोखंड यावर काही बोलेना.
इतकं बोलकं लोखंड.

कागद मी ठेवून घेऊ का, मी विचारलं.
काढलास तर नेम चुकेल, एलिस म्हणाला.
मी कुठे नेम धरणार आहे?
तू नाही. ती.
त्यानं घडी जुन्याच रेषांवर मोडली,
होती तिथं बसवली, स्क्रू आवळले.

घरी येऊन कागद भरला.
बनावट: तुला. वर्ष: १८९८.
क्रमांक दोन, म्हणून दोन्ही लिहिले, वरचा गिचमिड झाला.
आधीचा मालक, एकच ओळ.
मामाचं नाव पुरं लिहिलं, तावेत्ती योहान्नेस केंपाइनेन,
तरी ओळ बरीच उरली.

तिथं मी काही लिहिलं नाही.
फक्त पेन टेकवलं होतं, त्याचा ठिपका आहे.