सुट्टे

दत्तवाडीत, समाजमंदिराच्या मागच्या खोलीत
आमची बालवाडी आणि मंडळाचे सतरा ढोल
एकत्र नांदतात.
ढोल माळ्यावर, मुलं सतरंजीवर,
मध्ये मी.

त्या दिवशी वहीत लिहिलेलं: पाठ – पिवळा रंग.
झेंडू आणला होता, लिंबू, हळदीची पुडी.
आणि अल्फियाने दप्तरातून काढलं
काळं, जड, मेदूवड्यासारखं काहीतरी.
तिचे अब्बा बुधवारात स्पीकर दुरुस्त करतात,
फाटक्या स्पीकरच्या पोटात हे निघतं म्हणे.
तिने ते अंगणातल्या वाळूवर धरलं
आणि त्याला मिशा फुटल्या.

"बाई, वाळूतलं काळंच का उठलं?
बाकीचं का झोपलंय?"

माझ्याकडे उत्तरं असतात तशी.
मोठी झालीस की कळेल.
देवाची करणी.
आधी पिवळं रंगव, मग सांगते.
अकरा वर्षं वापरतेय, अजून विटली नाहीत.

खरं सांगायचं तर
बालवाडीत विज्ञान नसतं म्हणूनच मी बालवाडी घेतली.
सासवडच्या शाळेत काचेचं एक कपाट होतं, कुलूपबंद.
आत लाल, घोड्याच्या नालासारखा लोहचुंबक.
तीन वर्षं तो काचेतून पाहिला,
त्याची व्याख्या पाठ केली, दोन गुणांची.
'व'च्या जागी 'किंवा' पडलं, एक गुण गेला.
त्याला वजन असतं
हे अल्फियाने हातात दिला तेव्हा कळलं.

"मला नाही माहीत," मी म्हटलं.

शेवंतामावशी खिचडी ढवळायची थांबली.
मग समर्थ उठून ओरडला,
"ए, बाईंना पण नाही माहीत!"
इतक्या आनंदाने,
जणू मी आत्ता कुठे त्यांच्या सतरंजीवर येऊन बसले होते.

मग काय.
खिडकीचा गज: चिकटला.
झेंडू: नाही.
लिंबू: नाही, पण ओवीने तीनदा खात्री केली.
माळ्यावरून एक ढोल उतरवायला लावला, त्याची कडी: चिकटली.
माझ्या पदराआडची पिन त्याने हुडकून काढली,
ती सगळ्यांनी रांगेने, वाकून पाहिली.
खिचडीची वाटी आली तेव्हा मी छातीठोक सांगितलं,
स्टील म्हणजे लोखंडच, चिकटणार.

नाही चिकटली.
"बाई हरल्या!"
हरले खरी.

दुपारी थोपटे मॅडम तपासणीला आल्या.
"पिवळा झाला?"
मुलांची बोटं काळी होती.
"राहिला," मी म्हटलं.
त्यांनी शेरा लिहिला, मी खाली सही केली,
सहीशेजारी अंगठ्याचा काळा डाग उमटला
तो मी पुसला नाही.

जाताना अल्फियाने मेदूवडा माझ्या हातात ठेवला.
"उद्यापर्यंत सांभाळा.
मोबाईलजवळ नका ठेवू, अब्बा ओरडतात."

बसमध्ये पर्स उघडली तर
रुपया त्याला बिलगलेला, घराची किल्लीसुद्धा.
दहाचं नाणं शेजारीच, ढिम्म.
दोन्ही पैसेच ना?

"बाई, सुट्टे," कंडक्टर म्हणाला. "आटपा लवकर."
"थांबा हो. हे चिकटतंय, ते चिकटत नाही. का?"
मागे कुणीतरी फिसकन हसलं.
पद्मावतीचा स्टॉप आला आणि गेला.
कंडक्टरने नाण्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे,
मग गळ्यातली शिट्टी काढून पुढे केली.

"ही लावून बघा."